झूम एच१एन रेकॉर्डर : जीवनगौरव मिळालेल्या माणसांशी घरी बसून बोलण्यासाठी

आधी निकाल सांगून टाकू. गावातल्या, तालुक्यातल्या एखाद्या ज्येष्ठाला जीवनगौरव किंवा पद्म पुरस्कार मिळाला आहे, त्यांच्या घरी बसून दोन-तीन तास निवांत बोलायचं आहे आणि ते बोलणं वीस वर्षांनीही कुणाला ऐकता यावं असं वाटतंय, तर झूम कंपनीचा एच१एन हा छोटा रेकॉर्डर पैसे वसूल करून देतो. सत्काराच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून तो हातात धरायचा विचार असेल तर घेऊ नका. तिथे तो मोबाइलपेक्षा फारसं वेगळं काही करणार नाही.

एच१एन २०१८ साली बाजारात आला. मुठीत मावतो, रिमोटला लागतात तसल्या दोन ट्रिपल ए सेलवर चालतो. वरच्या टोकाला पिंजऱ्याच्या आत दोन माइक एकमेकांशी ९० अंशांत तिरके बसवलेले आहेत. पातळी कमी-जास्त करायला आकड्यांची चकती, रेकॉर्डिंगला एक मोठं बटण, बाकी लिमिटर (आवाज अचानक वाढला तर आवरणारा), लो कट (घरघरीसारखे खालचे सूर कापणारा), फॉरमॅट (फाइलचा प्रकार) यांना समोरच बटणं. म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपालांना किंवा मराठीच्या शिक्षकांना अर्ध्या तासात शिकवता येतो, ही त्याची खरी जमेची बाजू. किंमत दहा हजारांच्या आगेमागे धरा. पण डब्यात मेमरी कार्ड नसतं. वाऱ्यासाठी फोमची टोपी, छोटा ट्रायपॉड, यूएसबी केबल हेही वेगळं घ्यावं लागतं. त्याचे दीड-दोन हजार आधीच हिशेबात धरले तर मंडळाच्या खजिनदारांशी नंतर वाद होत नाही.

कार्डाची एक अट लक्षात ठेवा. हा रेकॉर्डर ३२ जीबीपर्यंतचंच मायक्रो एसडी एचसी कार्ड घेतो. घरात पडलेलं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड उपयोगाचं नाही. नवं कार्ड आणलं की ते रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं (म्हणजे पुसून तयार करायचं), लॅपटॉपवर नाही. रेकॉर्डिंगचं फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) ठेवा. तासाला साधारण १ जीबी जागा जाते, म्हणजे ३२ जीबीत तीस तासांचं बोलणं बसतं. ९६ किलोहर्ट्झवर जागा दुप्पट जाते आणि बोलण्यात काही फरक ऐकू येत नाही. जागा वाचवायला थेट एमपी३ मध्ये रेकॉर्ड करण्याचा मोह टाळा. वेव्हवरून एमपी३ केव्हाही करता येतो, उलट केलं तरी गेलेलं परत येत नाही. फाइल २ जीबीला पोचली की रेकॉर्डर स्वतःच पुढची फाइल सुरू करतो. वर सांगितलेल्या सेटिंगवर हे दोन तासांनंतर होतं. एका बैठकीच्या दोन फाइली दिसल्या म्हणून गडबडून एक पुसून टाकू नका.

सेल प्रत्येक बैठकीला नवे घाला. कंपनी दहा तासांचा आकडा देते, पण तो अल्कलाइन सेलवरचा आणि हलक्या सेटिंगवरचा. हेडफोन लावला, वरचं फॉरमॅट घेतलं की तो उतरतो. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह खोटं बोलतं. भिंतीतल्या साध्या मोबाइल चार्जरवर लावून रेकॉर्डिंग करू नका, जुन्या वायरिंगच्या घरात हम्म असा बारीक आवाज फाइलभर बसतो. पॉवर बँकही बेभरवशाची. रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की काही पॉवर बँका काही लावलेलंच नाही असं समजून बंद पडतात.

आता सगळ्यात जास्त लोकांना फसवणारी गोष्ट. याच कंपनीच्या एच४एनमध्ये रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की तयारी आणि दुसऱ्यांदा दाबलं की सुरुवात, अशी पद्धत होती. एच१एनमध्ये एकदाच दाबायचं. सवयीने दुसऱ्यांदा दाबलं तर चालू झालेलं रेकॉर्डिंग थांबतं आणि समोरचे गृहस्थ मात्र रंगात येऊन बोलत असतात. दाबल्यावर पडद्यावरचे सेकंद पळताहेत ना, हे डोळ्यांनी बघा आणि मग बाजूची पट्टी होल्डवर सरकवा. होल्डवर बटणं चालत नाहीत. घरात नातवंडं असतील तर हे करायलाच हवं.

यंत्र कुठे ठेवता यावर निम्म्याहून जास्त काम अवलंबून आहे. माइक आणि तोंड यांत एक ते दीड फूट अंतर हवं. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. फाइल लांबून आल्यासारखी वाटते ती यामुळे, यंत्र स्वस्त आहे म्हणून नव्हे. काचेच्या टीपॉयवर यंत्र आडवं टाकू नका; कप ठेवल्याचा, बोट आपटल्याचा प्रत्येक ठोका प्लास्टिकच्या अंगातून थेट माइकमध्ये जातो. घडी घातलेला टॉवेल, त्यावर छोटा ट्रायपॉड, त्यावर रेकॉर्डर. तोंड ज्येष्ठांकडे, पण अगदी नाकासमोर नाही, किंचित बाजूला. मराठीत फड, भारूड, ढोलकी, खंजिरी असे हवा फेकणारे उच्चार पावलोपावली येतात. माइक थेट ओठांच्या रेषेत असला की प्रत्येक फ-भ बरोबर धप्प असा आवाज बसतो. फोमच्या टोपीने तो कमी होतो, तिरकं ठेवल्याने जवळजवळ जातो. दोघांच्या मधोमध यंत्र ठेवून दोघांना समान न्याय द्यायच्या भानगडीत पडू नका. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज लहान आला तर काही बिघडत नाही.

खोली निवडताना दिवाणखाना टाळा. फरशी, मोकळ्या भिंती, शोकेसच्या काचा यांत आवाज उसळतो. गाद्यांची चळत, कपड्यांचं कपाट, जाड पडदे असलेली आतली खोली चांगली. फ्रिजचा कॉम्प्रेसर बोलणं चालू असताना लक्षात येत नाही, हेडफोनवर लगेच येतो. पंखा बंद करायला सांगायला संकोच वाटतो, पण वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले तर कुणी नाही म्हणत नाही. विदर्भात मे महिन्यात कूलर बंद करणं अमानुष ठरेल, तिथे सकाळी सातला जाऊन बसा. लो कट ८० किंवा १२० हर्ट्झवर ठेवला तर पंख्याची घरघर कमी होते. कूलरचा फुसफुसाट वरच्या सुरातला असल्यामुळे त्याने हटत नाही.

पातळी लावताना 'काहीतरी बोला' म्हणू नका. माणसं लगेच भाषणाचा आवाज काढतात आणि पुढे दोन तास त्या आवाजात कुणीच बोलत नाही. सकाळपासून काय काय झालं ते विचारा आणि तेवढ्यात चकती फिरवून सर्वांत मोठे शब्द पडद्यावर उणे १२ डेसिबलच्या आसपास आणा (शून्य ही वरची हद्द). २४ बिटमध्ये थोडं खाली राहिलं तरी चालतं, नंतर वाढवता येतं. वर जाऊन फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंग सुरू असताना चकती फिरवायची नाही, बोटाचा सरकता आवाज आत उतरतो. ऑटो लेव्हल बंद ठेवा. एक ठसका किंवा टाळी आली की तो पातळी खाली ओढतो आणि त्यापुढची वाक्यं बारीक होतात. लिमिटर चालू असू द्या.

कलावंत समोर असतील तर हा सगळा हिशेब बदलतो. शाहीर गप्पा मारताना हळू बोलतात आणि सांगता सांगता पोवाड्याची ओळ उचलतात तेव्हा आवाज एका झटक्यात कुठल्या कुठे जातो. म्हणून पातळी बोलण्यावर लावू नका. सुरुवातीलाच एक ओळ म्हणायला लावा, डफावर थाप मारायला सांगा आणि त्या थापेवर पातळी लावा. ढोलकी, पखवाज वाजणार असेल तर लो कट बंद करा, नाहीतर घुमाऱ्याचा तळच कापला जातो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाला. अशा कलाप्रकारात बोलणं, गाणं, वाद्य आणि चित्र पुढे करणं एकत्रच चालतं. तिथे कॉलर माइक न लावता यंत्राचे स्वतःचे दोन माइक वापरा आणि तीन-साडेतीन फूट मागे जा. चित्राचा कागद सरकल्याचा आवाज आला तर येऊ द्या.

बाकी बहुतेक ठिकाणी कॉलर माइक लावला तर काम सोपं होतं. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा स्वस्त आणि सहज मिळणारा माइक या रेकॉर्डरला चालतो. त्याची वायर सहा मीटर लांब आहे आणि वायरीवरच्या डबीत एलआर४४ बटण सेल बसतो. डबीवरचा खटका कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवावा लागतो. फोनच्या बाजूला राहिला तर आवाज दबका येतो किंवा येतच नाही. काम संपल्यावर खटका परत फिरवायला विसरलात तर पुढच्या वेळी सेल मेलेला सापडतो, म्हणून दोन जादा सेल पाकिटात ठेवा. कॉलर माइकची पिन घातली की रेकॉर्डरचे स्वतःचे माइक बंद होतात, दोन्ही एकत्र चालत नाहीत. स्टुडिओतले एक्सएलआर (तीन पिनांचे) माइक याला लागत नाहीत, कारण तशी पिन घालायची जागाच यात नाही आणि अशा बऱ्याच माइकना लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाही नाही.

माइक लावायचा कुठे, हे कंपनीच्या पुस्तिकेत सापडणार नाही. नऊवारी नेसलेल्या बाईंच्या पदराला चिमटा लावू नका. पदर सतत सावरला जातो आणि प्रत्येक वेळी खसखस येते. पदराच्या आत, पोलक्याच्या गळ्याच्या काठाला लावा, मंगळसूत्र आणि माइक यांत चार बोटं अंतर ठेवा, आणि वायरीचा एक वेढा चिमट्यात अडकवा म्हणजे ओढ थेट माइकवर येत नाही. काकणांचा आवाज हात हलला की येणारच. काकणं काढायला लावण्यापेक्षा तो आलेला बरा. पुरुषांच्या उपरण्यावर लावणं वाया, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीजवळ लावा. सत्काराची शाल फोटोपुरती खांद्यावर असेल तर बोलायला बसण्याआधी घडी करून ठेवून द्या.

डर्र-डर्र असा तुटक आवाज मध्येच येऊन जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा खिशातला बटणांचा साधा फोन असतो. टू-जीवर चालणारा फोन माइकच्या वायरीजवळ असला की नेटवर्कशी बोलताना हा आवाज टाकतो. ज्येष्ठांकडे असेच फोन जास्त असतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला द्या, नुसता सायलेंट करून भागत नाही. कानातलं यंत्र असेल तर ते हात किंवा उशी जवळ गेल्यावर शिट्टी घालतं, म्हणून पाठीला उशी द्या पण कानाशी लोड नको. आणि समोरासमोर बसा, त्यांना ओठ दिसू द्या.

इतकी तयारी करून लोक पहिला प्रश्न विचारतात, 'पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटलं?' याचं उत्तर त्यांनी प्रत्येक सत्कारात दिलेलं असतं आणि ते घडीव झालेलं असतं. मानपत्र समोर ठेवून त्यातले सन वाचून दाखवणंही तसंच निरुपयोगी. मानपत्र घाईत लिहिलेलं असतं, त्यातल्या सनावळीत चूक असली तरी भिडेखातर ज्येष्ठ मान हलवतात आणि ती चूक आता त्यांच्याच आवाजात पक्की होते. प्रश्न कामावर हवेत, हातावर हवेत, पैशावर हवेत. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव तमाशा क्षेत्रातल्या कलावंताला दिला जातो. अशा कलावंताला विचारा : पहिली बिदागी किती होती? नारायणगावच्या राहुट्यांवर (तमाशाचं बुकिंग होतं त्या तंबूंवर) सुपारी ठरताना बोलायचं कोण, तुम्ही की फडमालक? कनात उभी करायला किती माणसं लागायची, पाऊस आला तर पैशाचं काय व्हायचं? ढोलकीची पुडी कुणाकडून भरून घ्यायचात? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगकर्मींना विचारायचं तर वडश्याच्या मंडळांचा हंगाम, धानकापणीनंतरच्या रात्री, पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात आवाज कसा टिकवायचा. राहीबाई पोपेरे यांना २०२० साली देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाला. असं काम केलेल्या व्यक्तीपुढे 'प्रेरणा कुठून मिळाली' हा प्रश्न फुकट जातो. वालाचं कोणतं वाण आधी फुलतं, बी मडक्यात ठेवता की राखेत, कीड कशाने लागते, हे विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं आणि प्रेरणाही त्यातच येऊन जाते.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. वयस्क माणूस पाच-सात सेकंद थांबतो तेव्हा तो आठवत असतो, उत्तर संपलेलं नसतं. त्या फटीत पुढचा प्रश्न टाकला की आठवण गेली. 'हं हं', 'हो का', 'अरे वा' हे सगळं मानेने करा. तोंडाने केलेलं नेमकं त्यांच्या शब्दांवर येऊन बसतं आणि नंतर वेगळं काढता येत नाही. दोन कॉलर माइक आणि डावा-उजवा वेगळा करणारी वाय केबल वापरली तर दोघांचे आवाज दोन बाजूंना जातात आणि तुमची बाजू नंतर कमी करता येते. केबल तशीच आहे ना, हे एकेका माइकवर टिचकी मारून, हेडफोन लावून तपासा. नुसता आवाज दुभागणारी केबल बाजारात जास्त मिळते आणि दिसायला अगदी तशीच असते.

घरच्यांचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न आहे. 'बाबा, ते पुण्याचं सांगा ना' असं शेजारच्या खोलीतून येतंच. त्यांना गप्प करू नका; शेवटची पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवतो असं आधीच सांगा आणि खरोखर ठेवा. सून किंवा मुलगी जे सांगते त्यात घर चालायचं कसं, हे येतं आणि ते मानपत्रात नसतं. एका बैठकीत पाऊण तास, मग चहा-औषध, मग पुन्हा पाऊण तास. जेवणानंतरची वेळ नको. तीन तास एका दमात काढण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने दोन बैठका कधीही चांगल्या, कारण मधल्या दिवसांत त्यांना आठवत राहतं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्यांची नावं आणि 'हे रेकॉर्डिंग वाचनालयात ठेवायला आणि छापायला माझी हरकत नाही' हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. रेकॉर्डरमधले सेल बराच काळ काढून ठेवले तर त्याची तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, म्हणून फाइलवरच्या तारखेपेक्षा तोंडी तारीख खात्रीची.

सभागृहात रेकॉर्ड करायचंच असेल तर साउंडवाल्याला आधी भेटा. मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून थेट वायर घेतली तर आवाज फाटतो, तो सिग्नल या छोट्या पिनेला झेपत नाही. टेप आउट किंवा रेकॉर्ड आउट मागा, चकती अगदी खाली ठेवून सुरुवात करा आणि सूत्रसंचालकांच्या आवाजावर तपासा, ते नेहमी सर्वांत मोठ्याने बोलतात. कोणत्याही बैठकीत मोबाइल विमान मोडवर टाकून दुसरी प्रत त्यावर घ्यायला हरकत नाही. कार्ड दगा देतात, आणि ते नेमकं कधी हे कळत नाही.

२०२४ मध्ये याच मालिकेतला एच१ एसेन्शियल आला. तो ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, त्यामुळे पातळी लावायची कटकटच नाही, शाहिराची अचानक वर गेलेली ओळही नंतर खाली आणता येते. टाइप सी पिन आहे, मोठी कार्डं चालतात. नव्याने घेणाऱ्याने तोच बघावा, विशेषतः समोर गाणारी-वाजवणारी माणसं असतील तर. पण त्याची फाइल बऱ्याच फोनवर सरळ वाजत नाही, लॅपटॉपवर पातळी लावून रूपांतर करावंच लागतं, आणि ते करणारं मंडळात कुणी नसेल तर एच१एनच बरा. पंख्याची घरघर आणि लांब ठेवलेला माइक यांवर ३२ बिटकडेही इलाज नाही. ज्यांच्याकडे एच१एन आधीच आहे त्यांनी तो विकून नवा घेण्याइतका फरक बोलण्याच्या कामात पडत नाही.

ऐकून उतरवून काढायला तासाला चार ते सहा तास धरा, बोली अनोळखी असेल तर जास्त. रेकॉर्डरमध्येच फाइल संथ करून ऐकता येते, ते उतरवून घेताना फार उपयोगी पडतं. मूळ वेव्ह फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. घरच्यांना द्यायची प्रत १२८ केबीपीएस एमपी३ करून द्या, तासाला ६० एमबीच्या आत बसते. ती पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फोन बदलला की जाते, आणि पेन ड्राइव्ह घरातल्या टीव्हीलाही लागतो.